विश्लेषण : अवकाशातल्या वस्तीत पीक कसे येणार? आणि सुप्याच्या जिरायती रानाशी त्याचा काय संबंध?

चवळीचे आठ दाणे, मेथी-मुगाचे थोडे मोड आणि पालकाच्या पेशींचा एक गोळा. अवकाशात शेती करण्याच्या दिशेने भारताने आतापर्यंत जे काही प्रत्यक्ष केले, ते साधारण एवढेच आहे. पण या प्रयोगांमागचा प्रश्न मोठा आहे. हजारो माणसे कायमची राहतील अशी वस्ती कधी पृथ्वीभोवती किंवा त्याहून दूर फिरू लागली, तर तिथले लोक खाणार काय?

या प्रश्नाची उत्तरे शोधताना शास्त्रज्ञ ज्या अडचणींशी झगडतात, त्यांची नावे बारामती आणि इंदापूरच्या शेतकऱ्याला अनोळखी नाहीत. पाणी पुरवून वापरणे, वाफसा सांभाळणे, क्षार साचू न देणे, मुरमात रोप जगवणे आणि विजेच्या हिशेबात पिकाचा हिशेब बसवणे. बारामती तालुक्याचा सुपे परिसर (हे बारामतीचे सुपे, पारनेरचे सुपा नव्हे) पर्जन्यछायेतला. येथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाकी भिस्त टँकर, विहिरी व जनाई-शिरसाई उपसा सिंचनाच्या आवर्तनावर. म्हणूनच अवकाशातल्या शेतीचे हे गणित सुप्याच्या मापाने, म्हणजे गुंठे, एचपी आणि लिटरमध्ये मांडून पाहणे उपयोगाचे ठरते.

भारताने नेमके काय केले?

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६० हा प्रक्षेपक ‘स्पेडेक्स’ मोहिमेचे दोन उपग्रह घेऊन उडाला. उपग्रह सोडल्यानंतर प्रक्षेपकाचा चौथा टप्पा एरवी निकामी कचरा ठरतो. इस्रोने तो ‘पोएम-४’ या नावाने प्रयोगशाळा म्हणून वापरला. त्यावर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने तयार केलेली ‘क्रॉप्स’ नावाची बंद पेटी होती. त्या पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि पाठोपाठ पानेही फुटली.

याच ‘पोएम-४’वर महाराष्ट्राचाही एक प्रयोग होता. पनवेलजवळच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने ‘एपेम्स’ या पेटीतून पालकाच्या पेशींचा गोळा पाठवला. गुरुत्वाकर्षण जवळजवळ नसताना वनस्पतीच्या पेशी कशा वाढतात, हे जमिनीवरच्या तशाच पेशींशी ताडून पाहणे हा त्याचा उद्देश होता.

त्यानंतर २५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला ‘अ‍ॅक्सिअम-४’ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैला परतले. त्यांच्या प्रयोगांत मेथी व मुगाला मोड आणणे हा एक होता. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि आयआयटी धारवाड यांनी तो आखला होता. मोड आल्यावर ते शीतपेटीत ठेवून पृथ्वीवर आणले गेले. त्यांची पोषणमूल्ये, त्यांच्यावरचे सूक्ष्मजीव आणि पुढच्या पिढ्यांतील बदल तपासणे हा पुढचा टप्पा.

मोडापासून सुरुवात करण्यामागे साधे कारण आहे. मोडाला माती लागत नाही, खत लागत नाही, उजेडही फारसा लागत नाही. दाण्यातच साठवलेल्या शिदोरीवर तो वाढतो आणि कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व मोडात तयार होते. आपल्याकडे उन्हाळ्यात भाजी महागली की घरोघरी मटकी भिजत पडते, त्यामागचे शहाणपण हेच.

‘मोठी अवकाशवस्ती’ म्हणजे काय?

आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एका वेळी साधारण सात माणसांसाठी आहे. मोठ्या वस्तीची कल्पना त्याहून फार वेगळी आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांनी १९७४मध्ये ती गांभीर्याने मांडली. पुढच्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रात आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियंते, शास्त्रज्ञ व वास्तुरचनाकारांनी उन्हाळाभर बसून तिचा आराखडा केला. तो ‘स्टॅनफर्ड टोरस’ म्हणून ओळखला जातो.

हा आराखडा सायकलच्या ट्यूबसारखा आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, लोकसंख्या १० हजार. ट्यूब मिनिटाला एक फेरा या वेगाने फिरते. फिरणाऱ्या बादलीतले पाणी जसे तळाला चिकटून राहते, तशी माणसे आणि माती ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला दाबली जातात. या मापाला हा दाब जवळपास पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाएवढाच भरतो. वस्तीची जागा पृथ्वी आणि चंद्र या दोघांपासून सारख्याच अंतरावर, सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असलेल्या ‘एल-५’ या बिंदूपाशी धरली होती. बांधकामाचे साहित्य आणि माती चंद्रावरून आणायची, असा बेत होता.

असे काही उभे राहिलेले नाही आणि नजीकच्या काळात उभे राहण्याचीही चिन्हे नाहीत. पण १० हजार लोकवस्तीचे गाव बंद डब्यात जगवायचे तर काय लागेल, याचा हिशेब त्या आराखड्यात पहिल्यांदा एवढ्या बारकाईने केला गेला. सुप्यासारख्या बाजारपेठेच्या मोठ्या गावाचा आवाका डोळ्यांसमोर आणला, तर तो समजायला सोपा जातो.

अन्न पृथ्वीवरून का पाठवता येणार नाही?

अंतराळवीराच्या रोजच्या अन्नाचे वजन वेष्टनासह साधारण १.८ किलो धरले जाते. १० हजार माणसांना रोज १८ टन. इस्रोचा सर्वांत ताकदवान प्रक्षेपक एलव्हीएम-३ पृथ्वीजवळच्या कक्षेत सुमारे ८ टन वजन नेतो. म्हणजे एका गावाच्या जेवणासाठी दररोज दोनपेक्षा जास्त उड्डाणे, तीही फक्त जवळच्या कक्षेपर्यंत.

दुसरी अडचण पोषणाची. पाकीटबंद अन्नातली क आणि ब-१ यांसारखी जीवनसत्त्वे साठवणुकीत हळूहळू घटतात. काही महिन्यांच्या मोहिमेत हे चालून जाते, कायमच्या वस्तीत चालणार नाही.

तिसरी गोष्ट हवेची. एक माणूस दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन घेतो. माणसाच्या पोटापुरते पीक वाढले, तर ते वाढताना साधारण त्याच्या श्वासापुरता ऑक्सिजनही देते. बंद वस्तीत शेती म्हणजे अन्नधान्य आणि हवा या दोन्हींची सोय आहे.

एका माणसाला किती गुंठे?

आधी जमिनीवरचा हिशेब पाहू. माणसाला दिवसाला २,५०० कॅलरी लागतात असे धरले आणि त्या फक्त ज्वारीतून मिळवायच्या ठरवल्या, तर वर्षाला पावणेतीन क्विंटलच्या आसपास ज्वारी लागेल. जिरायती रानात एकरी साडेतीन क्विंटल उतारा धरला, तर एका माणसामागे सुमारे ३० गुंठे.

स्टॅनफर्डच्या आराखड्यात शेती, जनावरे, वाळवण आणि साठवण धरून माणशी सुमारे ६० चौरस मीटर जागा दिली होती. म्हणजे जेमतेम सहा दशांश गुंठा. जिरायतीच्या पन्नासाव्या हिश्शात माणूस जगवायचा.

हे अगदीच हवेतले नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या युटा स्टेट विद्यापीठात ब्रूस बगबी आणि फ्रँक सॅलिसबरी यांनी गव्हाला भरदुपारच्या उन्हाएवढा उजेड दिवसातले २० तास दिला, मुळांशी नेमके पाणी-खत आणि हवेत जादा कार्बन डायऑक्साइड ठेवला. तेव्हा चौरस मीटरला दिवसाकाठी ६० ग्रॅम गहू निघाला. या वेगाने एका माणसाच्या कॅलरी १२-१३ चौरस मीटरमध्ये निघतात. मात्र प्रयोगशाळेतला उच्चांक आणि वर्षानुवर्षे, रोगराई व बिघाड सोसत येणारा सरासरी उतारा यांत किती फरक असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? अंटार्क्टिकातल्या जर्मन तळावर ‘एडन आयएसएस’ या हरितगृहात २०१८मध्ये १२.५ चौरस मीटरवर पहिल्या नऊ महिन्यांत २६८ किलो भाजीपाला निघाला. रोजचा जवळपास एक किलो. कडाक्याच्या हिवाळ्यात ताजी काकडी, टोमॅटो, लेट्यूस मिळणे मोठेच. पण लेट्यूसच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी असतात. नुसत्या त्यावर जगायचे तर माणसाला रोज साडेसोळा किलो पाला खावा लागेल. आजवर अवकाशात पिकवून खाल्लेले अन्न मुख्यतः असेच आहे: १० ऑगस्ट २०१५ रोजी अंतराळवीरांनी खाल्लेला लाल लेट्यूस, २०२१मधल्या मिरच्या. तोंडी लावायला आहे, ताटातली भाकरी अजून नाही.

पाण्याची अडचण काय? तिथे ते वाहून जात नाही ना?

अडचण नेमकी तीच आहे. गुरुत्वाकर्षण जवळजवळ नसलेल्या स्थानकात पाणी खाली झिरपत नाही. ते मुळांना जाड थरासारखे चिकटून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. दुसरीकडे मातीचा एखादा कोपरा कोरडाच राहतो. एकाच कुंडीत रोप बुडून मरते आणि तहानेनेही मरते.

आपला शेतकरी याला एका शब्दात सांगतो: वाफसा येत नाही. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण म्हणजे वाफसा. पृथ्वीवर जास्तीचे पाणी गुरुत्वाकर्षणाने निथळते आणि वाफसा आपोआप येतो. अंतराळ स्थानकात तो मुद्दाम घडवावा लागतो. त्यासाठी भाजलेल्या चिकणमातीचे ठरावीक जाडीचे खडे, वाती, सच्छिद्र नळ्या असे उपाय वापरले जातात. हवाही आपोआप हलत नाही, कारण गरम हवा वर जाणे हेदेखील गुरुत्वाकर्षणाचेच काम. पंखा बंद पडला की पानांनी सोडलेली वाफ पानांभोवतीच साचते.

फिरणाऱ्या मोठ्या वस्तीत हा प्रश्न बहुतांशी सुटतो. तिथे पाणी तळाकडे जाते, निचरा होतो, ठिबकही चालते. मोठ्या वस्तीचा शेतीसाठी सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

पाणी लागते मात्र भरपूर. जोमदार पीक चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पाणी पानांतून सोडते. माणशी ४० चौरस मीटर पीक धरले, तर दिवसाला १६० ते २०० लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी ५५ लिटरचे उद्दिष्ट आहे, यावरून आकडा किती मोठा ते कळेल. फरक एवढाच की बंद वस्तीत ही वाफ थंड पृष्ठभागावर धरून तेच पाणी पुन्हा पिकाला देता येते. नासाने २०२३मध्ये जाहीर केल्यानुसार, अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतले मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवले जाते.

उजेड आणि विजेचे काय?

अवकाशात ऊन पृथ्वीपेक्षा कडक असते; चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट. पण पृथ्वीजवळच्या कक्षेत स्थानक दीड तासात एक फेरी मारते आणि त्यातली सुमारे ३५ मिनिटे अंधारात जातात. दिवसाला सोळा सूर्योदय पाहणाऱ्या पिकाला ऊन थेट देणे अवघड, म्हणून आज सगळी भिस्त एलईडी दिव्यांवर आहे. ओ’नील यांनी वस्ती दूर ‘एल-५’पाशी नेली, त्याचे एक कारण तिथे जवळपास अखंड मिळणारे ऊन हेच होते. आरशांनी ते आत घ्यायचे, अशी योजना होती.

दिव्यांवर शेती करायची तर चांगल्या वाढीला चौरस मीटरला किमान २०० वॅट लागतात. माणशी ४० चौरस मीटरला ८ किलोवॅट. पाच एचपीची मोटर साधारण पावणेचार किलोवॅटची असते. म्हणजे एका माणसाच्या पोटासाठी पाच एचपीच्या दोन मोटरी दिवसाचे १६ तास चालवल्यासारखे झाले. रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये मोटर चालू करायला रानात जाणाऱ्याला या आकड्याचा अर्थ लगेच कळेल.

खत कुठून येणार? आणि मीठ कुठे जाणार?

बंद वस्तीत बाहेरून युरियाची गोणी येणार नाही. पिकाने घेतलेले नत्र, स्फुरद, पालाश माणसाच्या मलमूत्रातून आणि पिकाच्या काडीकचऱ्यातून परत पिकाकडे न्यावे लागते. युरोपीय अवकाश संस्थेचा ‘मेलिसा’ प्रकल्प १९८९पासून यावरच काम करतो आहे. तळ्यात जे घडते, म्हणजे तळाशी कुजणे, सूक्ष्मजीवांनी नत्राचे रूप बदलणे, शेवाळाने ते घेणे, तेच वेगवेगळ्या टाक्यांत घडवायचे. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात त्याची प्रायोगिक यंत्रणा आहे. शेणाची स्लरी पिकाला देणाऱ्या गोठेवाल्याला तत्त्व नवे नाही. नवी आहे ती काटेकोरता.

यातली सर्वांत चिवट अडचण मिठाची आहे. माणूस रोज आठ-दहा ग्रॅम मीठ मूत्रावाटे बाहेर टाकतो. १० हजार जणांचे दिवसाला ८० ते १०० किलो. ते पाणी पिकाला देत राहिलो, तर मुळांशी क्षार साचत जातात आणि एके दिवशी पीक बसते. सुप्याच्या दक्षिणेला, नीरा कालव्याच्या बागायती पट्ट्यात हे उघड्या रानात घडून गेले आहे. पाटपाण्याचा अति वापर, निचरा नाही आणि मग क्षारपड जमिनी. तिथे चर खोदून क्षार बाहेर काढता येतात. बंद वस्तीला ‘बाहेर’ नसते. मीठ वेगळे काढून पुन्हा स्वयंपाकघरात न्यावे लागेल.

आतापर्यंत कुठे फसले?

यशापेक्षा फसलेल्या प्रयोगांनी जास्त शिकवले आहे. रशियाच्या ‘मीर’ स्थानकात १९९६मध्ये बुटक्या जातीचा गहू लावला होता. पीक डोलदार आले, ओंब्याही लागल्या. पृथ्वीवर आणून पाहिले तर एकाही ओंबीत दाणा नव्हता. शोध घेतल्यावर कारण निघाले इथिलीन वायूचे. केळी-आंबे पिकवणारा हाच वायू बंद हवेत साचला होता आणि त्याने परागकण वांझ केले. पुढे वेगळी जात वापरून दाणे भरले. तेव्हापासून अवकाशातल्या प्रत्येक शेतपेटीत इथिलीन काढण्याची व्यवस्था हा कळीचा भाग मानला जातो.

दुसरा धडा जमिनीवरचा. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर-२’ या सव्वा हेक्टरच्या काचेच्या बंद वास्तूत २६ सप्टेंबर १९९१पासून दोन वर्षे आठ जण राहिले. शेती सुमारे अर्धा एकर, म्हणजे माणशी अडीच गुंठे. त्यांनी बहुतेक अन्न स्वतः पिकवले, पण पोट भरत नव्हते. सर्वांची वजने घटली. मोठा धक्का हवेने दिला. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घसरला आणि जानेवारी १९९३मध्ये बाहेरून सोडावा लागला. मातीत सेंद्रिय पदार्थ जरुरीपेक्षा जास्त होते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला आणि बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड नव्या काँक्रीटने शोषून घेतला. आपल्या रानात सेंद्रिय कर्ब कमी म्हणून ओरड असते. तिथे तो जास्त झाला म्हणून माणसांना धाप लागली.

तिसरा किस्सा डिसेंबर २०१५चा. अंतराळ स्थानकात लावलेल्या झिनियाच्या फुलझाडांना ओलाव्याने बुरशी लागली. पंखे वाढवले तर झाडे सुकू लागली. पाण्याचे वेळापत्रक जमिनीवरून ठरत होते. अंतराळवीर स्कॉट केली यांनी, पाणी कधी द्यायचे ते झाडाकडे बघून मला ठरवू द्या, अशी भूमिका घेतली आणि नासाने ती मान्य केली. जानेवारी २०१६मध्ये झिनिया फुलला.

चीनचा अनुभव अधिक आशादायक आहे. बीजिंगच्या ‘युएगोंग-१’ या बंद प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी आळीपाळीने मे २०१७ ते मे २०१८ असे ३७० दिवस काढले. गहू, भाज्या आणि प्रथिनांसाठी अळ्या असा त्यांचा आहार होता. मात्र हे सारे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात झाले.

मग बाजरी का नाही लावत?

कमी पाण्यावर येणारी बाजरी आणि ज्वारी अवकाशात आदर्श ठरायला हव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तिथे पाणी फिरून परत मिळते. तुटवडा जागेचा आणि उजेडाचा असतो. पुरुषभर उंच ताट हे तिथे ओझे. बाजरीला कडक ऊन लागते, म्हणजे दिव्यांवर वीज जास्त. रानात ताटाचा कडबा होतो आणि जनावर तो खाऊन दूध देते. लहान स्थानकात कडबा म्हणजे नुसता कचरा, जो कुजवायला पुन्हा ऑक्सिजन लागतो. म्हणून बुटका गहू, भात, बटाटा, रताळे, सोयाबीन, भुईमूग यांना पसंती दिली जाते. कडधान्यांचे महत्त्व त्यांच्या प्रथिनांमुळे; चवळीची निवड त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

वस्ती मोठी झाली की गणित पुन्हा बदलते. स्टॅनफर्डच्या आराखड्यात कोंबड्या, ससे, मासे आणि गाईगुरेही धरली होती, कारण माणसाला न खाता येणारा पाला तेच अन्नात बदलू शकतात. पीक, गोठा आणि मासे यांचा हा मेळ इंदापूर-उजनीच्या कडेला राहणाऱ्यांना परका वाटणार नाही.

बारामतीत याच्या जवळचे काय चालते?

सुप्यापासून फार दूर नसलेल्या माळेगाव परिसरात दोन संस्था आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९मध्ये इथे स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार, निकृष्ट जमीन अशा, किडी-रोगांखेरीजच्या ताणांत पीक कसे तगते, याचा अभ्यास हे तिचे काम. तिच्या वाट्याला आलेली जमीनच खडकाळ, मुरमाड होती. ती फोडून तिथे फळझाडे उभी केली गेली. रोपाला हात न लावता कॅमेऱ्यांनी त्याची तहान आणि ताप मोजणारी यंत्रणाही तिथे आहे.

दुसरी डॉ. अप्पासाहेब पवार यांनी १९७१मध्ये उभी केलेली अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि तिचे कृषी विज्ञान केंद्र. नेदरलँड्सच्या सहकार्याने सुरू झालेले भाजीपाला गुणवत्ता केंद्र आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसावर चाललेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग यांमुळे ती चर्चेत असते. उपग्रहाची छायाचित्रे, मातीतले संवेदक आणि हवामान केंद्र यांच्या आधारे पाणी-खत किती आणि कधी, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर सांगायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

हे काम अवकाशासाठी नाही. पण प्रश्न त्याच जातीचे आहेत. मे २०२२मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलो मोहिमांत आणलेल्या चंद्राच्या खऱ्या मातीत मोहरीच्या कुळातले एक छोटे रोप वाढवून दाखवले. ते उगवले, पण खुरटले. क्षार आणि जड धातूंच्या ताणात जी जनुके जागी होतात, तीच त्याच्यात जागी झालेली दिसली. चंद्राचे काळे डाग बेसॉल्टचे आहेत आणि आपले दख्खनचे पठारही बेसॉल्टचेच. आपल्याकडे पाऊस, मुळे आणि जिवाणूंनी लाखो वर्षांत खडकाची माती केली. चंद्रावर यातले काहीच झाले नाही. वस्तीची माती चंद्रावरून आणायची असेल, तर मुरमात रोप जगवण्याचे ज्ञान हा तिचा पहिला धडा असेल.

सुप्याच्या शेतकऱ्याला यातून काय?

काही गोष्टी मिळू लागल्या आहेत. सर्वांत ठोस म्हणजे वेगवान वाण विकास. अवकाशासाठी गव्हाला जवळजवळ अखंड उजेड देऊन लवकर पिकवण्याची जी युक्ती शोधली गेली, तीच पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने वाण तयार करण्यासाठी वापरली. दिवसाला २२ तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात. नवे वाण यायला दहा-बारा वर्षे लागतात, त्यातली काही वर्षे यामुळे वाचतात. हैदराबादच्या इक्रिसॅटमध्येही अशी सुविधा आहे आणि तिथली पिके म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे जिरायतीचीच.

चीनने दुसरा मार्ग घेतला. बियाणे अवकाशात नेऊन तिथल्या किरणोत्सर्गाने झालेले बदल निवडायचे. अशा पद्धतीने तयार झालेला ‘लुयुआन ५०२’ हा गहू तिथे मोठ्या क्षेत्रावर घेतला जातो.

पण एक सावधगिरीही हवी. अवकाशासाठीची बंद, दिव्यांवरची शेती जशीच्या तशी जमिनीवर आणली की विजेचे बिल ती खाऊन टाकते. दिव्यांवर पालेभाज्या पिकवणाऱ्या अमेरिकेतल्या एअरोफार्म्स या गाजलेल्या कंपनीला २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्या राज्यातही पॉलिहाउस आणि शेडनेटसाठी घेतलेल्या कर्जाखाली दबलेले शेतकरी आहेत. ज्वारी-बाजरीला सूर्य फुकट उजेड देतो. त्याची बरोबरी दिवा करू शकत नाही. ‘अवकाश तंत्रज्ञान’ असे लेबल लावून कुणी यंत्रणा विकायला आले, तर पहिला प्रश्न युनिट किती, हाच असला पाहिजे.

उचलण्यासारखी गोष्ट आहे ती फेरवापराची. गावचे सांडपाणी गटारातून ओढ्याला जाते आणि त्याच गावात उन्हाळ्यात टँकर येतो. अंतराळ स्थानक १०० लिटरमधले ९८ लिटर परत मिळवते, कारण तिथे दुसरा मार्ग नाही. सुप्यात एवढी महागडी यंत्रणा नको आणि परवडणारही नाही. पण सांडपाणी स्थिरीकरण तळे, परसबागेला वापरलेले पाणी, स्लरीचा वापर आणि शेतात क्षार किती साचले याची नियमित मोजणी, हे अवकाशवस्तीचेच नियम आहेत आणि ते ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहेत.

पुढे काय?

भारतीय अंतराळ स्थानक २०३५पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच्या पहिल्या भागाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली असून तो २०२८मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. तिथेही सुरुवातीला जेवण पाकिटातलेच असेल आणि जोडीला कदाचित ताजे मोड. चवळीने दाखवले ते उगवण होते एवढेच. फुलणे, परागीभवन, दाणा भरणे आणि त्याच दाण्यातून पुढचे पीक येणे, हे टप्पे अजून बाकी आहेत. १० हजारांच्या गावाला भाकरी पुरवणे त्याच्याही फार पुढे. उगवण चांगली झाली म्हणून कुणी सुगीचा अंदाज बांधत नाही. जिरायतीत तर नाहीच. अवकाशशेतीच्या बातम्याही तूर्त त्याच नजरेने वाचायला हव्यात.